आंबेचोर आणि अल्टरनेटर

पंधरा-वीस वर्षे चाललेल्या गाडीचा अल्टरनेटर एका दिवसात जात नाही. आधी रात्री हेडलाइट पिवळट पडतात आणि ॲक्सिलरेटर दाबला की जरा उजळतात. मग वायपर आणि हेडलाइट एकदम चालू असले की हॉर्नचा आवाज बसतो. बॉनेटखालून बेअरिंगची घरघर ऐकू यायला लागते, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मधूनच मिणमिणतो, आणि एके सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. मालक बॅटरीच्या नावाने खडे फोडतो, नवी बॅटरी टाकतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी वायरमन मीटर लावतो. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली धडधाकट बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झाल्यावर तिच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. तो बाराच्या घरातच घुटमळला, बेल्ट ढिला नाही आणि वायरीही गंजलेल्या नाहीत, तर दुखणे अल्टरनेटरचे. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटते, बेल्ट सैल होतो, दोन-तीन बोल्ट निघतात, जुना बाहेर, नवा आत, आणि संध्याकाळी गाडी दारात. या सगळ्या उद्योगात गाडी बदलली असे कुणालाच वाटत नाही. मालकाला नाही, मिस्त्रीला नाही, विमा कंपनीलाही नाही. आधी टायर गेले, मग क्लच प्लेट, मग रेडिएटर, आता अल्टरनेटर. गाडी मात्र तीच. ती तीच कशाच्या जोरावर? तत्त्वज्ञानातला हा फार जुना प्रश्न आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर आपण बहुतेक वेळा भलत्या जागी शोधतो.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाबात सागल येथे राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर पाली परंपरेत मिलिंद म्हणून ओळखला जातो. त्याने भिक्खू नागसेनाला विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहेत. मराठी माणसाला ही दोन्ही नावे परकी नाहीत. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत काढलेले महाविद्यालय मिलिंदाच्या नावाचे आहे आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांनाही एकाच आवारात जागा मिळाल्याचे असे उदाहरण विरळा. तर या संवादाच्या आरंभीच नागसेन राजाला कोंडीत पकडतो. महाराज, आपण रथातून आलात म्हणता. मग आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, दांडा, जू, लगाम यांपैकी कोणता रथ? हे सगळे एकत्र म्हणजे रथ का? की या सगळ्यांपलीकडे आणखी काही रथ आहे? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो, आणि शेवटी कबूल करतो की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. दृष्टान्त नागसेनाचा स्वतःचा नव्हे. संयुत्तनिकायात वजिरा नावाची भिक्खुणी तो मोहात पाडू पाहणाऱ्या माराला ऐकवते, आणि नागसेन तिचाच हवाला देतो.

या दृष्टान्ताचा सर्रास काढला जाणारा अर्थ असा, की रथ खोटा आणि भाग खरे. गॅरेजच्या ओट्यावर एखादा बिघडलेला अल्टरनेटर उघडलेला पाहिला तर हा अर्थ टिकत नाही. ॲल्युमिनियमची दोन झाकणे सुटतात. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेला स्टेटर, त्याच्या पोटात फिरणारा रोटर, रोटरच्या दांड्यावर तांब्याच्या दोन गुळगुळीत कड्या, त्या कड्यांवर स्प्रिंगने टेकलेले दोन कार्बन, मागे सहा डायोडची प्लेट आणि शेजारी रेग्युलेटर. बेल्टमुळे रोटर फिरतो, कार्बनमधून त्याच्या वेटोळ्यात थोडासा करंट जातो, रोटर चुंबक होतो, स्टेटरच्या तीन वेटोळ्यांत उलटसुलट वाहणारी वीज निर्माण होते, डायोड तिला एका दिशेला लावतात आणि रेग्युलेटर रोटरचा करंट कमीजास्त करून व्होल्टेज आवरतो. बिघडलेल्या नगात यातले नेमके काय गेलेले असते? पुष्कळदा फक्त कार्बन. बोटाच्या पेराएवढा असणारा तुकडा झिजून नखाएवढा उरलेला असतो आणि कडीवर त्याने बारीक चर पाडलेला असतो. कधी एखादा डायोड फुटलेला असतो, आणि रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी त्यातून उलटी रिकामी होत असते. कधी नुसते बेअरिंग. म्हणजे ‘अल्टरनेटर गेला’ हेही ‘रथ आला’ याच जातीचे विधान आहे. भाग म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले तोच उघडल्यावर रथ निघाला. ही उतरंड कुठे थांबायची? वैशेषिक दर्शनाने ती परमाणूपाशी थांबवली. गॅरेजात ती दुकानाच्या काउंटरवर थांबते: जे सुटे विकत मिळते तो भाग, जे सुटे मिळत नाही ते अख्खे. पूर्वी कार्बन मिळायचे म्हणून मिस्त्री कार्बन बदलायचा; आता पुष्कळ गाड्यांना अख्खा नगच बसवतात. कोणता भाग आणि कोणते अवघे, ही सीमा लोखंडात कोरलेली नाही.

त्यात पुन्हा बदली मालाची भानगड. जुना अल्टरनेटर दुकानात द्यायचा, वर थोडे पैसे घालायचे आणि दुरुस्त करून ठेवलेला दुसरा न्यायचा, ही पद्धत सगळीकडे आहे. त्या दुरुस्त केलेल्या नगात स्टेटर एका गाडीचा, झाकण दुसऱ्या गाडीचे, रोटरचे रिवाइंडिंग नवे आणि डायोडची प्लेट आणखी कुठली. तुमचा जुना नग पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच्या बॉनेटखाली फिरत असतो. युरोपातल्या तत्त्वज्ञांनी हा गुंता एका जहाजावरून घातला. प्लूटार्क सांगतो की थीसियसचे जहाज अथेन्सकरांनी कुजलेल्या फळ्या बदलत बदलत पिढ्यानुपिढ्या जपले, आणि ते तेच की वेगळे यावर तत्त्वज्ञ भांडत राहिले. टॉमस हॉब्जने १६५५ साली त्यात काडी घातली: काढून टाकलेल्या सगळ्या फळ्या कुणी जमवून त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या तर थीसियसची जहाजे दोन होतील की काय? ग्रंथात ही कल्पनेची भरारी वाटते, भंगारबाजारात ती रोजची गोष्ट आहे. मुंबईची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली, आणि जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजारही कुर्ल्यातच बसला. एका पद्मिनीचे दार दुसरीला, दुसरीचा गिअरबॉक्स तिसरीला असे करत तिथे वर्षानुवर्षे गेली, आणि कुणालाही हॉब्जची आठवण झाली नाही.

का झाली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. लोक विचार करत नाहीत म्हणून झाली नाही, असे मला वाटत नाही. भाग मोजून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे व्यवहाराने आधीच ओळखलेले आहे. आणि नागसेनानेही ते ओळखले होते. रथाचा दृष्टान्त इतका गाजला की त्याच ग्रंथात थोडे पुढे येणारी उदाहरणे मागे पडली. राजा विचारतो, मेल्यावर पुन्हा जन्मणारा तोच असतो की दुसरा? दुसरा असेल तर तो आधीच्याच्या पापातून सुटला म्हणायचा. त्यावर नागसेन एका आंबेचोराची गोष्ट सांगतो. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडून राजापुढे आणला तर म्हणतो, या मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. याने कोय पुरली, मी फळ नेले. मी याचे काही चोरलेले नाही. राजा त्याला सोडेल का? मिलिंद म्हणतो, नाही. नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांवाचून आले नसते. पुढचा दृष्टान्त थंडीत शेकोटी पेटवून ती न विझवता निघून गेलेल्या माणसाचा. दुसऱ्याचे शेत जळते तेव्हा तो म्हणतो, मी पेटवली ती आग वेगळी आणि शेत जाळले ती वेगळी. मग माळ्यावर दिवा ठेवून जेवणारा, ज्याच्या दिव्याने गाव जळते. मग लहान मुलीचे वधूशुल्क देऊन परगावी गेलेला माणूस; ती मोठी झाल्यावर दुसराच तिच्याशी लग्न करतो आणि म्हणतो, तू पैसे दिलेस ती पोर वेगळी. मग गवळ्याकडे दुधाचे मडके विकत घेऊन ठेवून गेलेले गिऱ्हाईक, ज्याला दुसऱ्या दिवशी दही मिळते.

ही उदाहरणे एकापाठोपाठ वाचली की एक गोष्ट ठळक दिसते. ही सगळी फिर्यादीची प्रकरणे आहेत. प्रत्येकात कुणाचे तरी नुकसान झालेले आहे, कुणीतरी हक्क सांगतो आहे, आणि ‘ती वस्तू आता ती राहिलीच नाही’ हा युक्तिवाद अंगावरची जबाबदारी झटकण्यासाठी पुढे केला जातो. निवाडा राजाने द्यायचा आहे. आंब्यात कोयीचा एखादा न बदलणारा अंश शिल्लक आहे का, याची तपासणी नागसेन करत नाही. एक दुसऱ्यावाचून झाले नसते, म्हणून चोर सुटत नाही, एवढ्यावर तो थांबतो. आग क्षणाक्षणाला वेगळी असते, हे बौद्ध भिक्खूला कुणी शिकवायला नको. तरीही शेकोटीवाला दंडाला पात्र ठरतो. यातून मी जे घेतो ते असे: ‘तीच’ म्हणणे हा वस्तूच्या पोटात दडलेल्या एखाद्या गुणाचा शोध नसतो. मागचे देणेघेणे पुढे चालू आहे आणि ते कुणाच्या तरी माथी आहे, असे मान्य करण्याचा तो निर्णय असतो. जिथे देणेघेणे चालू, तिथे ती वस्तू तीच.

मोटार वाहन कायदा याच तत्त्वावर उभा आहे. गाडीची ओळख म्हणून आरसीवर चासी नंबर आणि इंजिन नंबर लिहिलेले असतात. अल्टरनेटरचा नंबर कुठेही नसतो. तो बदलला म्हणून आरटीओला कळवावे लागत नाही; इंजिन बदलले तर परवानगी घ्यावी लागते आणि नोंद करावी लागते. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ स्वरूपात फरक पडेल अशा बदलांना आडकाठी करते. २०२१ साली ५० वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आले. त्यांतही गाडी मूळ रूपात असावी असे म्हणताना चासी, बॉडी आणि इंजिन यांचीच नावे घेतली आहेत. त्यामुळे जुन्या डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवलेली गाडी हौशी शुद्धतावाद्यांच्या नजरेतून उतरेल, पण त्या तीन नावांत अल्टरनेटर बसत नाही. आता चासी ही काही गाडीचा आत्मा नव्हे. चासीने गाडी चालत नाही, अल्टरनेटरवाचून मात्र थोड्याच वेळात बंद पडते. प्राणासाठी कोण जास्त लागतो असे विचारले तर लोखंडी सांगाड्यापेक्षा विजेचे यंत्र वरचढ ठरेल. तरी कायद्याने सांगाडा निवडला, कारण सांगाडा सहज बदलत नाही, त्यावर आकडे ठोकता येतात आणि ते आकडे धरून कर्ज, कर, विमा, अपघात, चोरीची फिर्याद हे सगळे एका माणसाच्या दारात आणून उभे करता येते.

यावर पहिला जोरदार आक्षेप न्यायदर्शनाच्या पंडितांचा, म्हणजे नैयायिकांचा. अवयवांहून वेगळा अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, खरोखर आहे, असे ते मानतात. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्याचा एक पुरावा फार साधा दिला आहे: वस्तूचा एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू येते. नुसता भागांचा ढीग असता तर हाताला लागला तेवढाच भाग आला असता. लांबून सैन्य किंवा वन एकसंध दिसते तशी घटाची एकता नुसती दिसण्यापुरती आहे, असे प्रतिपक्षी म्हणतो. नैयायिकाला ते पटत नाही. आजारी अल्टरनेटर तर त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. एका डायोडचे दुखणे हेडलाइटमध्ये दिसते, हॉर्नमध्ये ऐकू येते आणि स्टार्टरमध्ये उमटते. शिवाय अल्टरनेटर आणि बॅटरी यांचे नाते पाहण्यासारखे आहे. रोटर चुंबक व्हायला पहिला करंट बॅटरीकडून यावा लागतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो डॅशबोर्डवरच्या त्या लाल दिव्यातूनच येतो, आणि तो दोन रुपयांचा बल्ब उडाला तरी चार्जिंगची बोंब होऊ शकते. बॅटरी मात्र टिकते ती अल्टरनेटरच्या जिवावर. दोघे एकमेकांच्या आधाराने उभे. ज्याला तर्कशास्त्र अन्योन्याश्रय म्हणून दोष ठरवते, तो इथे यंत्राचा प्राण आहे. अशी एकजूट दिसत असताना गाडी म्हणजे नुसते नाव, असे कसे म्हणता येईल?

म्हणू नये, असेच माझे उत्तर आहे. या घटकेला गाडी एक आहे, ती एक म्हणून चालते आणि एक म्हणून बंद पडते, हे मान्य. पण आताची एकजूट वेगळी आणि कालची आजही तीच असणे वेगळे. गंमत अशी की या दुसऱ्या मुद्द्यावर नैयायिक बौद्धांपेक्षा अडचणीत आहेत. न्याय-वैशेषिकांच्या मते वस्त्राचा एक धागा निघाला की ते वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे वस्त्र, खंडपट, उत्पन्न होते. अवयवी खरा मानल्यावर हे ओघानेच येते: अवयव बदलले तर त्यांच्यात राहणारा अवयवी तोच कसा राहील? म्हणजे या हिशेबाने अल्टरनेटर उतरवताच जुनी गाडी गेली, नवा बसवताच आणखी एक जन्मली, आणि संध्याकाळी मालकाने घरी नेली ती तिसरीच. ‘हीच ती गाडी’ ही आपली ओळख मग सारखेपणावर भागवावी लागते. इतक्या काटेकोर वास्तववाद्यांनाही शेवटी व्यवहारातली ‘तीच’ वस्तूच्या बाहेरूनच आणावी लागली, याला मी माझ्या बाजूचा मोठा पुरावा समजतो.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. ‘तीच’ हा जर निर्णय असेल, तर निर्णय घेणाऱ्याची मर्जी आली. बळी तो कान पिळी. सत्ता असलेला उद्या म्हणेल की ही गाडी ती नव्हेच. पण लबाडी कशी होते ते पाहा. चोरीच्या गाडीचा चासी नंबर घासून दुसऱ्या, मोडीत निघालेल्या गाडीचा नंबर ठोकणारा माणूस लोखंडात फारसा बदल करत नाही. सगळे भाग जागच्या जागी असतात. तरी आपण त्याला खोटेपणा म्हणतो, कारण त्याने तुटायला नको होती ती देण्याघेण्याची साखळी तोडली. ओळख मर्जीवर असती तर हा गुन्हाच झाला नसता. वापरलेली गाडी विकणाऱ्यांतली एक जुनी युक्ती याहून बारीक आहे. अल्टरनेटर मरायला टेकलेला असताना नवी बॅटरी टाकायची. ती काही दिवस सगळे ओढून नेते. तेवढ्यात गिऱ्हाईक गाठायचे. महिन्याने गाडी बंद पडली की विकणारा म्हणतो, माझ्याकडे होती तोवर चालत होती, पुढे काय झाले ते तुमचे. हा आंबेचोराचाच वंशज. मी लावली ती आग वेगळी. माझी गाडी वेगळी. सार्वजनिक कबुली, कागद, साक्षी यांनी बांधलेला निर्णय हा मर्जीच्या उलटा असतो. ज्याला निसटायचे आहे त्यालाच तो जखडतो.

तिसरा आक्षेप धर्माच्या मर्मावर बोट ठेवतो. गाडीचे ठीक आहे, माणसाचे काय? गाडीला मालक असतो, तिचे देणे तो उचलतो. माणसाचा मालक कोण? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात क्षणिकवादी बौद्धांना नेमके इथेच धरले आहे. ज्याने पाहिले त्यालाच आठवते. काल पाहणारा एक आणि आज आठवणारा दुसरा असता तर ‘मी पाहिले होते’ असे कुणी म्हणू शकले नसते. गाडीला आठवण नसते, तेव्हा रथाची उपमा माणसाला लावणे मुळात चूक. हा आक्षेप मी हलका समजत नाही, आणि उपमा अपुरी आहे हे कबूल करतो. तरी एवढे विचारावेसे वाटते, की आपण माणसाला तोच मानतो ते खरोखर आठवणीमुळे का? स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला स्वतःचे नावही आठवत नाही. तरी त्याची पेन्शन त्याचीच असते, मुलगी त्याला बाबाच म्हणते, त्याने पूर्वी केलेला करार रद्द होत नाही. आठवण गेली, पण त्याचे लोकांवरचे आणि लोकांचे त्याच्यावरचे हक्क शिल्लक राहिले. मूत्रपिंड बदललेल्या किंवा पेसमेकर बसवलेल्या माणसाचे कर्ज बँक माफ करत नाही, आणि त्याचे लग्नही मोडत नाही. यावर वेदान्ती म्हणेल की आठवण ही बुद्धीची वृत्ती, आम्ही म्हणतो तो साक्षी तिच्याही मागे आहे. असेलही. पण अद्वैताच्याच म्हणण्याप्रमाणे साक्षी काही करत नाही. तो कर्ज काढत नाही आणि फेडतही नाही. देणेकरी असतो तो उपाधींनी वेढलेला जीव, म्हणजे पुन्हा व्यवहाराच्याच पातळीवरचा. साक्षी मानला तरी आंबे कुणी चोरले हे ठरवायला तो उपयोगी पडत नाही.

गीतेतली जीर्ण वस्त्रांची उपमा मराठी मनात इतकी खोल रुजली आहे की या विषयावर बोलताना ती आपोआप ओठांवर येते. पण त्या उपमेत वस्त्र एकदम टाकले जाते आणि दुसरे अंगावर चढते. ठिगळाबद्दल ती काही सांगत नाही. आपले आयुष्य बहुतांश ठिगळांचे असते. शरीर, मते, नाती, श्रद्धा हे सगळे तुकड्यातुकड्याने बदलते, आणि एका जन्मातल्या या बदलांचा हिशेब जन्मांतराच्या उपमेत बसत नाही. नागसेनाच्या दुधादह्याच्या उदाहरणात तो बसतो. विरजलेल्या दुधाचे पुन्हा दूध होत नाही, हे गवळी आणि गिऱ्हाईक दोघांनाही माहीत आहे. भांडण आहे ते मडके कुणाचे याचे. ‘मी आता तो राहिलो नाही’ हे वाक्य माणसाच्या तोंडी दोन प्रकारे येते. एकदा ते खरे असते, कारण माणूस खरोखर बदललेला असतो. दुसऱ्यांदा ते चोराचे असते. दोन्ही वेळी आतले बदल अगदी सारखे असू शकतात. पहिला माणूस बदलल्यावरही जुने देणे आपले म्हणतो आणि दुसरा म्हणत नाही, भेद एवढाच. अनात्मवादाने नीती ढासळते असा आरोप जुना आहे. मला उलट वाटते की आत न बदलणारे काहीतरी आहे या भरवशावर न राहता ज्याला जबाबदारी घ्यावी लागते, त्याची जबाबदारी जास्त जागी असते.

राहता राहिला शेवटाचा प्रश्न. बदलत बदलत गाडी तीच राहू शकते, तर ती संपते कधी? लोखंडाला विचारले तर कधीच नाही. भाग मिळत आहेत तोवर चालवा. इथेही निवाडा बाहेरूनच येतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुन्हा पासिंग करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचे रस्त्यावरचे आयुष्य संपले. तिचे इंजिन त्या दिवशी बंद पडले म्हणून ती गेली नाही. शहराच्या हवेचे आणि प्रवाशांच्या जिवाचे एक देणे तिच्या नावावर होते, ते त्या तारखेला वसूल झाले. आणि मोटार वाहन कायद्याच्याच कलम ८३ मध्ये अल्टरनेटरच्या बरोबर उलटी गोष्ट आहे. परवानाधारक प्राधिकरणाच्या संमतीने परवान्यावरची गाडी काढून तिच्या जागी त्याच प्रकारची दुसरी लावू शकतो. एक भाग नव्हे, अख्खी गाडी बदलते. चाक, चासी, इंजिन, नंबरप्लेट, जुन्यातले काही म्हणजे काही नवीत येत नाही. तरी परवाना तोच चालू राहतो. नागसेनाला मिलिंदाने विचारले होते की काहीही इकडून तिकडे न जाता पुनर्जन्म कसा होतो, आणि त्याने एका दिव्यावरून दुसरा दिवा लावण्याचे उदाहरण दिले होते. आरटीओच्या खिडकीपाशी अर्ज आणि फी भरून हेच काम होते, आणि त्यावर जुन्या परवान्याच्या थकलेल्या दंडाची पावती जोडल्याशिवाय कारकून फाइल पुढे सरकवत नाही.